‘यातून काय शिकलीस?’ हा प्रश्न काही दिवस नको

वाचकाचं पत्र

माझी मुलगी आठ वर्षांची, तिसरीत, मराठी शाळेत आहे. तिला गोष्टींचं वेड आहे, मिळेल ते वाचते. गेल्या महिन्यात एका गोष्टीतल्या मुलाचा कुत्रा मरतो, ते वाचून दोन दिवस रडत होती, धड जेवलीही नाही. तिचे बाबा म्हणतात, खोट्यानाट्या गोष्टींपेक्षा विज्ञानाची, सामान्यज्ञानाची पुस्तकं वाचू दे, शिष्यवृत्ती परीक्षा जवळ येतेय. वर्गातल्या बाई म्हणतात, ती आपल्याच तंद्रीत असते. वाचनाचा काही उपयोग व्हावा म्हणून मी तिला ‘बोधवही’ करून दिली. प्रत्येक गोष्टीनंतर तात्पर्य लिहायचं. सुरुवातीला लिहायची, आता वही दिसली की पुस्तक मिटते. परवा पांघरुणात लपवून वाचताना सापडली. धाकटा चार वर्षांचा आहे, त्याला रोज रात्री तीच ती गोष्ट लागते. गोष्टी वाचून मुलं खरंच समंजस होतात का? की आम्हीच तिला हळवी करून ठेवतोय?

— एक आई, कराड

उत्तर

ताई, नमस्कार.

सगळ्यात आधी ती बोधवही बंद करा. तुमचा हेतू चांगला आहे, पण गोष्ट वाचताना मुलाच्या मनात जे काम चालतं ते तात्पर्यात नसतं. शिवाय तात्पर्य काढायची घाई झाली की ते काम अर्ध्यावरच थांबतं.

हे काम कोणतं? समजा गोष्टीत एवढंच लिहिलंय: ‘सुमीने डबा उघडला, लगेच मिटला आणि म्हणाली, मला भूक नाही.’ सुमीला भूक आहे, पण डब्यात काय आहे ते मैत्रिणींना दिसू नये असं तिला वाटतंय, हे कुठेही लिहिलेलं नाही. ते वाचणारं मूल स्वतः भरून काढतं. त्यासाठी त्याला एकाच वेळी बऱ्याच गोष्टी डोक्यात धराव्या लागतात: सुमीला काय माहीत आहे, मैत्रिणींना काय माहीत नाही, सुमी काय बोलली आणि मनात काय होतं. प्रत्यक्ष आयुष्यात असा क्षण दोन सेकंदांत निघून जातो. पुस्तकात मुलाला थांबता येतं, पान मागे उलटून पुन्हा पाहता येतं, आणि पात्राच्या मनात काय होतं ते पुढच्या पानावर ताडून बघता येतं.

दुसऱ्याच्या मनात आपल्यापेक्षा वेगळं काही असू शकतं, हे मुलांना जन्मतः कळत नाही. हाइन्झ विमर आणि योसेफ पर्नर या मानसशास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये मुलांना एक छोटी गोष्ट सांगितली. एक मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवून बाहेर जातो, त्याच्या माघारी आई ते दुसऱ्या कपाटात ठेवते. परत आल्यावर मुलगा ते कुठे शोधेल? तीन ते चार वर्षांच्या एकाही मुलाला बरोबर सांगता आलं नाही. चॉकलेट जिथे खरंच आहे तिकडेच ती बोट दाखवत. चार ते सहा वर्षांच्या मुलांत ५७ टक्के आणि सहा ते नऊ वर्षांच्यांत ८६ टक्के मुलांचं उत्तर बरोबर आलं. त्याच दोघांनी १९८५ मध्ये पुढची पायरी तपासली: ‘दादाला वाटतंय की आईला अजून कळलेलं नाही’ अशी मनातल्या मनाची गुंतागुंत. ती साधारण सहा-सात वर्षांनंतर जमू लागते. तुमचा धाकटा पहिल्या पायरीवर आहे आणि मुलगी दुसरी चढून गेली आहे. दोन वर्षांपूर्वी तीच गोष्ट वाचून ती कदाचित ‘कुत्रा मेला’ एवढंच म्हणाली असती. आज त्या मुलाला घरी परतल्यावर दारात काय वाटलं असेल ते तिला दिसतं, म्हणून ती रडते.

आता मोठ्यांनी समजावून सांगण्याचं काय होतं ते पाहा. जोन पेस्किन आणि जॅनेट ॲस्टिंग्टन यांनी २००४ मध्ये बालवाडीच्या वयाच्या मुलांवर केलेला प्रयोग आम्हाला पालकांसाठी फार मोलाचा वाटतो. मुलांच्या एका गटाला वाचून दाखवलेल्या गोष्टींमध्ये ‘त्याला वाटलं’, ‘तिला माहीत नव्हतं’, ‘त्याने ओळखलं’ अशा शब्दांची मुद्दाम भर घातली होती. दुसऱ्या गटाला त्याच गोष्टी, पण हे शब्द न घालता. कोणाच्या मनात काय आहे ते चित्रांवरून आणि प्रसंगावरून ओळखायचं. पहिल्या गटातली मुलं ते शब्द जास्त वापरू लागली. पण पात्राचा समज चुकीचा का झाला हे समजावून सांगणं दुसऱ्या गटाला जास्त चांगलं जमलं. शब्द आयते मिळाले, समज मात्र स्वतः ओळखणाऱ्यांची वाढली.

आणि तात्पर्याच्या गोष्टी? २०१४ मध्ये कांग ली आणि सहकाऱ्यांनी तीन ते सात वर्षांच्या मुलांना एकेका खोलीत बसवून सांगितलं, मागे ठेवलेल्या खेळण्याकडे वळून बघायचं नाही. मोठं माणूस बाहेर गेल्यावर बऱ्याच मुलांनी बघितलं. मग त्यांना एक गोष्ट वाचून दाखवली आणि विचारलं, बघितलंस का? ‘लांडगा आला रे आला’ ऐकलेली मुलं इतर मुलांपेक्षा जास्त खरं बोलली नाहीत. खोटं बोलण्याची शिक्षा त्या गोष्टीत ठळक असूनही नाही. चेरीचं झाड तोडल्याचं कबूल करणाऱ्या लहानग्या जॉर्ज वॉशिंग्टनची दंतकथा ऐकलेली मुलं मात्र जास्त प्रमाणात खरं बोलली, कारण तिथे खरं बोललेल्या मुलाला वडील जवळ घेतात. त्याच दंतकथेचा शेवट बदलून खोटं बोलण्याचे वाईट परिणाम दाखवले, तेव्हा तिचाही परिणाम नाहीसा झाला. म्हणजे भीती घालणारं तात्पर्य मुलाला पाठ होतं, पण वागण्यात उतरत नाही.

मग वहीच्या जागी काय करायचं?

रोज पंधरा-वीस मिनिटं तिला मोठ्यानं वाचून दाखवा. ती स्वतः वाचते तरीही. तिसरीतल्या मुलांना अजून जोडाक्षरांशी झगडावं लागतं, लांब वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात निसटते, आणि सगळी शक्ती अक्षरांवर खर्च झाली की पात्राच्या मनापर्यंत जायला काही उरत नाही. ऐकून समजण्याची ताकद या वयात वाचून समजण्यापेक्षा बरीच पुढे असते. त्यामुळे तिला स्वतःला जड जाणारी, जास्त गुंतागुंतीच्या माणसांची कादंबरी तुमच्या आवाजात तिला सहज झेपेल. पुस्तक कोणी वाचायचं हे ठरवायला एक साधी रीत आहे: मधलंच एखादं पान तिला वाचायला द्या आणि अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मुडपायला सांगा. एका पानात पाचही बोटं मुडपली गेली तर ते पुस्तक तुम्ही वाचा, दोन-तीन बोटांपर्यंत तिचं तिला वाचू द्या. वाचताना आवाजाची नाटकं करायची गरज नाही, पण संवाद ज्या बोलीत लिहिलेत त्याच बोलीत वाचा आणि वेग बोलण्यापेक्षा थोडा कमी ठेवा. प्रकरण वाटेल त्या ठिकाणी तोडू नका.

मध्ये थांबायचं ते एका बैठकीत दोनदा, फार तर तीनदा. दर पानावर थांबलात की गोष्टीची लय तुटते आणि मुलाला ती तोंडी परीक्षा वाटू लागते. थांबायची जागा नेमकी निवडा: पात्र बोलतं एक आणि करतं दुसरं, कोणीतरी गप्प बसतं, किंवा वाचकाला माहीत असलेली गोष्ट पात्राला माहीत नसते. तिथे प्रश्न विचारण्यापेक्षा स्वतःचं कुतूहल बोलून दाखवा. ‘आजोबा काहीच न बोलता आत का गेले असतील, मला कळेना.’ एवढं म्हणून थांबा. शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एकच सेकंद थांबतात, आणि तो वेळ तीन सेकंदांवर नेला की मुलांची उत्तरं लांबतात, त्यांत कारणं येऊ लागतात, असं मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांचं निरीक्षण करून दाखवलं होतं. तीन सेकंद ऐकायला कमी वाटतात, पण गप्प बसलेल्या आईला ते फार मोठे असतात. मनात पाचपर्यंत मोजा. ती काहीच बोलली नाही तर पुढे वाचा. न बोलणारं मूल विचार करत नसतं असं नाही.

काही प्रश्न वरून चांगले दिसतात, पण टाळा. ‘तू तिच्या जागी असतीस तर काय केलं असतंस?’ याला आठ वर्षांचं मूल तुम्हाला आवडेल तेच उत्तर देतं: मी खरं बोलले असते, मी मदत केली असती. त्याऐवजी ‘तिला असं का करावंसं वाटलं असेल?’ विचारा, आणि चुकीच्या वागण्याबद्दलही हेच विचारा. ‘तो वाईट आहे ना?’ असं विचारलंत की दार बंद झालं. खोडकर, चोरटं, भांडखोर पात्र मुलांना जवळून पाहू द्यावं. तशा माणसालाही काहीतरी हवं असतं, कसली तरी भीती असते, हे गोष्टीत जितकं सुरक्षितपणे कळतं तितकं दुसरीकडे कळत नाही. तिचं उत्तर तुम्हाला चुकीचं वाटलं तर दुरुस्त करू नका. ‘असं कुठे दिसलं तुला?’ म्हणा. ती पान उलटून दाखवेल, किंवा दाखवता दाखवता स्वतःच मत बदलेल.

शब्द मात्र जरूर द्या, पण तिच्या मागून. ती म्हणाली, ‘तिला कसंतरीच झालं, सगळे बघत होते म्हणून,’ तर तुम्ही म्हणा, ‘हो, ओशाळली ती,’ आणि पुढे चला. हिरमुसणं, वरमणं, चडफडणं, धास्तावणं, गहिवरणं, खट्टू होणं, कानकोंडं होणं: आपल्या भाषेत भावनांच्या इतक्या बारीक छटा आहेत आणि रोजच्या बोलण्यात आपण ‘राग आला’ आणि ‘वाईट वाटलं’ या दोनांवर दिवस काढतो. हे इंग्रजीतही आहे. हेज आणि ॲरेन्स यांनी १९८८ मध्ये केलेल्या मोजणीत मुलांच्या पुस्तकांत दर हजार शब्दांमागे सुमारे ३१ कमी वापरातले शब्द निघाले, तर पदवीधर मोठ्या माणसांच्या गप्पांत सुमारे १७. जो शब्द माहीत असतो, तो राग किंवा लाज पोटात असताना कामाला येतो.

आता रडण्याबद्दल. दोन दिवस रडणं आणि जेवण कमी होणं हे या वयात काळजीचं नाही. तिला ‘अगं, खोटीच तर गोष्ट आहे’ म्हणू नका. कुत्रा खोटा आहे हे तिला माहीत आहे, दुःख मात्र खरं आहे. शेवट बदलून सांगू नका आणि पुस्तक उचलून ठेवू नका, नाहीतर दुःख झालं की लपवायचं असा अर्थ ती काढेल. जवळ बसा, आणि तिला हवं असेल तर तोच भाग पुन्हा वाचू द्या. मुलं असा भाग आपणहून तीन-चारदा वाचतात आणि दर वेळी रडणं थोडं कमी होतं. घरात किंवा ओळखीत नुकतंच कोणी गेलंय का, पाळीव प्राणी हरवलाय का, हे मनाशी एकदा तपासा. पुष्कळदा मूल आजीसाठी रडत असतं आणि निमित्त कुत्र्याचं असतं. तसं असेल तर आजीबद्दल बोला. आणखी एक व्यवहाराची गोष्ट: नवं दुःखद किंवा भीतीचं प्रकरण दिवसा वाचा, झोपताना ओळखीची गोष्ट घ्या.

दोन आठवडे उलटूनही झोप मोडत असेल, ती शाळेत जायला नकार देत असेल, आवडीचे खेळ सोडले असतील, किंवा स्वतःला इजा करण्याचं बोलली, तर बालरोगतज्ज्ञांना किंवा समुपदेशकांना दाखवा. शेवटची गोष्ट घडली तर दोन आठवडे थांबू नका, त्याच दिवशी जा. अशा वेळी पुस्तकाला दोष देत बसण्यात वेळ जातो.

बाईंच्या ‘तंद्री’च्या तक्रारीत मात्र लक्ष घाला. नेमकं कधी, हे त्यांना विचारा. गणिताच्या तासालाच असेल तर अडचण गणितात आहे. फळ्यावरचं उतरवून घेताना असेल तर डोळे तपासा. मधल्या सुट्टीत ती एकटी पुस्तक घेऊन बसत असेल, तर मैत्रिणींशी काही बिनसलंय का ते हळूच काढून घ्या. गोष्टीत शिरणं ही कधीकधी पळवाट असते, आणि आपण कशापासून पळतोय हे मुलाला लपवून ठेवायचं असतं. पांघरुणातलं वाचन तर बहुधा वहीमुळे आहे, वही गेली की तेही जाईल. तरी झोपेचा हिशेब ठेवा: सहा ते बारा वर्षांच्या मुलांना रोज नऊ ते बारा तास झोप लागते. वाचनाने झोप किंवा मैदानावरचा खेळ खाल्ला जात असेल तर वेळ बांधून द्या, पुस्तकं कमी करू नका.

तिच्या बाबांना आमच्याकडून एक माहिती सांगा. जेरिम आणि मॉस यांनी २०१९ मध्ये ३५ देशांतल्या अडीच लाखांहून जास्त किशोरवयीन मुलांच्या पीसा या आंतरराष्ट्रीय शालेय चाचणीचे आकडे तपासले. जी मुलं नियमित कथा-कादंबऱ्या वाचत होती त्यांचं वाचनकौशल्य स्पष्टपणे वरचं होतं, घरची परिस्थिती हिशेबात धरूनही. वर्तमानपत्रं, मासिकं, माहितीपर पुस्तकं वाचणाऱ्यांत असा संबंध दिसला नाही. हा कार्यकारणाचा पक्का पुरावा नव्हे, पण कथा वाचण्यात वेळ वाया जातो या समजुतीला तो जागा ठेवत नाही. उताऱ्यावरच्या प्रश्नांत मुलं अडतात ती ‘यावरून काय कळते?’ इथे, आणि सुमीचा डबा म्हणजे तोच प्रश्न असतो. विज्ञानाची पुस्तकंही घरात हवीतच, फक्त ती गोष्टीच्या वेळेतून काढू नका. उलट ती वाचून दाखवायचं काम बाबांनी घ्यावं. वाचणारा बाप घरात दिसणं मुलांसाठी फार मोठी गोष्ट आहे.

धाकट्याची तीच ती गोष्ट खुशाल चालू ठेवा. जेसिका हॉर्स्ट आणि सहकाऱ्यांच्या २०११ च्या अभ्यासात तीन वर्षांच्या मुलांच्या एका गटाला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा आणि दुसऱ्याला वेगवेगळ्या गोष्टी वाचून दाखवल्या. नवे शब्द दोघांच्या कानावर सारख्याच वेळा पडले, तरी एकच गोष्ट ऐकलेल्यांना ते जास्त आले. पुढे काय होणार हे माहीत असलं की लक्ष बाकीच्या गोष्टींकडे वळतं. आठव्या-दहाव्या वाचनाला तुम्ही ऐकणाऱ्या व्हा आणि त्याला सांगू द्या. चित्रावर बोट ठेवून विचारा: ‘कोल्हा झाडामागे लपलाय, हे सशाला माहीत आहे का?’ चार वर्षांच्या मुलासाठी याहून चांगला प्रश्न आम्हाला सुचत नाही. मुलाकडून गोष्ट वदवून घेण्याची ही पद्धत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट यांनी १९८८ मध्ये दोन-तीन वर्षांच्या मुलांच्या पालकांना शिकवली. महिन्याभरात ती मुलं, नेहमीसारखं वाचून दाखवलेल्या मुलांपेक्षा बोलण्यात कित्येक महिने पुढे गेली होती.

तुमचा शेवटचा प्रश्न: गोष्टींनी मुलं समंजस होतात का? थोडीफार, आणि आपोआप नाही. रेमंड मार आणि सहकाऱ्यांना २०१० मध्ये चार ते सहा वर्षांच्या मुलांत असं दिसलं की ज्यांच्या वाट्याला गोष्टींची पुस्तकं जास्त आली, त्यांना दुसऱ्याच्या मनातलं जास्त ओळखता येतं. पण तो संबंध आहे, कारण सिद्ध झालेलं नाही. २०१३ मध्ये, साहित्यिक कथा वाचली की लगेच माणसं दुसऱ्याच्या भावना जास्त अचूक ओळखतात, असा एक प्रयोग फार गाजला. इतरांनी तो पुन्हा केला तेव्हा तसं आढळलं नाही. २०१८ मध्ये अशा चौदा प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला गेला, त्यात फायदा दिसला, पण लहानसा. एका पुस्तकाने स्वभाव बदलेल ही अपेक्षा सोडा. गप्पांची जोड मिळाली तर चित्र वेगळं दिसतं. इटलीत पाचवीच्या मुलांनी एका जादूगार मुलाच्या कादंबऱ्यांतले भेदभावाचे उतारे सहा आठवडे वाचले आणि छोट्या गटांत त्यांवर बोलली. त्या नायकाशी ज्यांचं मन जुळलं, त्यांची स्थलांतरितांबद्दलची वृत्ती सुधारली. हळवेपणाची भीती बाळगू नका. तिला दुसऱ्याचं दुःख कळतंय, ते सोसायचं कसं हे तिला तुमच्याजवळ बसून शिकता येईल.

पुस्तकं निवडताना शेवटी बोध छापलेली बाजूला ठेवा. चांगल्या गोष्टीत कोणाला तरी काहीतरी मनापासून हवं असतं आणि दुसऱ्या कोणाचं तरी त्यावरून वेगळं म्हणणं असतं. माणसांच्या गोष्टी भरपूर असू द्या: २०१७ मध्ये टोरांटोतल्या एका अभ्यासात वाटून घेण्याची गोष्ट माणसांची होती तेव्हा मुलांनी नंतर जास्त स्टिकर वाटले, तीच गोष्ट कपडे घातलेल्या प्राण्यांची केली तेव्हा नाही. प्राणीकथा मजेसाठी जरूर वाचा. तिच्यासारख्या घरातली मुलं आणि तिने कधी न पाहिलेल्या घरांतली मुलं, दोन्ही गोष्टींत असावीत: ऊसतोड कामगारांची, मुंबईच्या चाळीतली, पाड्यावरची.

जवळच्या सार्वजनिक वाचनालयात बालविभाग असला तर तिचं स्वतःच्या नावाचं सभासदत्व घ्या आणि पुस्तक तिला निवडू द्या. अर्धं वाचून परत केलं तरी चालेल. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. धाकट्यासाठी प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी चित्रगोष्टी मोफत आहेत, वाचनाच्या चार पातळ्यांत लावलेल्या; त्याला पहिल्या दोन पातळ्या पुरतील. फोनवरून वाचणार असाल तर गोष्ट आधी उतरवून घ्या आणि वाचताना फोन विमान मोडवर टाका, म्हणजे मध्येच कोणाचा निरोप येऊन ससा कोल्ह्याच्या तावडीत तसाच राहणार नाही.